पहिल्या बक्षिसाचा हॉटपॉट

महिलांच्या हक्कांच्या शिबिरात महिलांच्याच बाथरूमला कुलूप लावून, चावी खिशात टाकून जेवायला निघून गेलेला माणूस आमच्या गोंदिया जिल्ह्यात एकच झाला असेल. तो मी.

कारण अगदी साधं होतं. शिबिराच्या शेवटी द्यायची बक्षिसं मी आदल्या दिवशी गोंदियाच्या बाजारातून आणली होती, स्टीलचे हॉटपॉट, खोक्यांसकट. दुकानदार म्हणाला होता, "ले जाओ बाबूजी, लेडीज लोग खुश हो जाएंगे." ते ठेवायचे कुठं? हॉलच्या कपाटाला दार नव्हतं. आमचा शिपाई म्हणाला, "साहेब, हॉलात ठेवले तर बक्षीस द्याच्या आधीच लोकं जिंकून नेतील." सबंध इमारतीत कडी-कुलूप धड असलेली एकच जागा होती. तिथं खोके रचले, कुलूप लावलं आणि हायवेच्या ढाब्यावर पाहुण्या मॅडमना घेऊन जेवायला गेलो. परत आलो तर व्हरांड्यात वीसेक बाया उभ्या. नर्सबाई, शिक्षिका, अंगणवाडीच्या सुपरवायझर. त्यातली सगळ्यात म्हातारी नर्सबाई पुढं आली आणि म्हणाली, "बाबूजी, आमचे हक्क तुमच्या खिशात हायेत. काढा लवकर."

आमच्या कुळानं गावोगाव तलाव बांधले असं आमचे बाबा मिशीला पीळ देऊन सांगत. गावंच्या गावं पाण्यानं भिजवणाऱ्या त्या पूर्वजांचा मी वंशज, आणि माझ्याच्यानं वीस बायांची एवढी सोय झाली नाही.

तर हे शिबिर. घरातल्या मारहाणीविरुद्धचा कायदा तेव्हा नवा होता. दोन हजार सात-आठची गोष्ट. वरून आदेश आला की तालुक्यातल्या ज्या ज्या सरकारी माणसाकडे मार खाल्लेली बाई येऊ शकते, त्या प्रत्येकाला शिकवा. शिक्षक, ग्रामसेवक, नर्स, सुपरवायझर, पोलीस. शिवाय ज्यांच्याकडे नव्या कायद्यानं 'संरक्षण अधिकारी' ही जबाबदारी आली होती ते आमचे साहेब. म्हणजे बाईनं तक्रार द्यायची ती यांच्याकडे. साहेबांकडे याआधीच तीन खात्यांचा जादा कार्यभार होता, हा चौथा. मी त्यांच्या ऑफिसातला बाबू. 'शिबिर' असा शब्द कुठल्याही कागदावर दिसला की तो कागद आपोआप माझ्या टेबलावर यायचा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, बाथरूमचा किस्सा सांगून बायकोला हसवावं म्हटलं. ती हसली नाही. भाजी चिरत म्हणाली, "गल्लीच्या टोकाची सुपरवायझर बाई आली होती का शिबिराले?"

"आली न. गुरुजीपण आले."

"दोघंबी?"

"दोघांच्याही खात्याचा आदेश होता. मी का करू?"

गुरुजी म्हणजे त्या बाईंचे मिस्टर. शाळेत हेडमास्तर. पण जिल्ह्यात त्यांची ओळख शाळेची नव्हती. आमच्याकडे धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते आणि रात्र-रात्र नाटकं चालतात. त्या नाटकांत गुरुजी मोठ्या भावाचं काम करत. बहिणीसाठी घरदार सोडणारा, तिच्या सासरच्या दारात झोळी पसरणारा भाऊ. गुरुजींनी नुसता गळा दाटून "बाळे..." म्हटलं की अख्खा शामियाना नाक शिंकरायचा. माझी आईसुद्धा. आणि घरी ते बायकोला मारत, हे गल्लीला माहीत होतं, गल्लीकडून तालुक्याला माहीत होतं. तोंडावर मारत नसत. बाईंना गावोगाव अंगणवाड्यांना भेटी द्यायला जावं लागे, चारचौघांत चेहरा दिसतो. पण एकदा हात चुकला आणि बाईंचा डावा कान गेला. तेव्हापासून त्या नेहमी अशा बसायच्या की बोलणारा उजवीकडे राहावा. ऑफिसातले लोक गमतीनं म्हणत, बाई सगळं 'एकतर्फी' ऐकतात. मीही म्हणायचो. हसू यायचं.

बायकोनं विळी बाजूला सारली. "ती मले कालच विचारून राहिली होती. म्हणे, नवीन कायदा आला म्हणते, त्यात पोरगी कोणाजवळ राहते? गुरुजीनं तिले सांगून ठेवलं हाये, जायाचं असन तर जा, पोरगी इथंच राहीन. पोरगी चौथीत हाये. तिले दुसरं काई नाई पायजे. एवढंच मालूम करून पायजे. तुमी शिबिर घेऊन राहिले न? तुमाले मालूम असन."

"मले कोणाले किती कप चहा लागते तेवढं मालूम हाये."

"मंग तेवढंच करा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या त्या पाहुण्या मॅडमनी कायदा समजावला. भल्या बाई. सुती साडी, मोठं कुंकू, आवाजात प्रेम. बाईला घरातून काढता येत नाही, मारणाऱ्याला थांबवणारा आदेश मिळतो, मुलांचा ताबा तात्पुरता आईला मिळू शकतो, असं एकेक त्या फळ्यावर लिहीत गेल्या. "काही शंका?" म्हणाल्या.

सुपरवायझर बाई उठल्या. पदर नीट केला. "मॅडम, लेकरू आईजवळ राहाचा आदेश कोण देते? कवा देते?"

हॉलमधल्या सगळ्या माना एकाच वेळी तिसऱ्या बाकाकडं वळल्या. तिथं गुरुजी बसले होते. ते हसले, दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं टाळी वाजवली. "फार मार्मिक प्रश्न!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमना वाटलं, काय उत्साही तालुका आहे. उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात हायवेवरून ट्रकांची रांग गेली, आणि उत्तर जे काही होतं ते ट्रकांच्या आवाजात गेलं. बाईंनी उजवा कान पुढं केला होता. "आता आपण हे सगळं करूनच बघू या," मॅडम म्हणाल्या, "नाटक करू."

नाटक म्हटल्यावर आमच्या भागातला माणूस जेवणावरून उठतो. हॉल ताठ झाला. चिठ्ठ्या मीच केल्या होत्या, चहाच्या रिकाम्या डब्यात टाकून फिरवल्या. एका चिठ्ठीवर तक्रारदार बाई, एकीवर नवरा, एकीवर सासू, एकीवर संरक्षण अधिकारी, बाकी कोऱ्या. तक्रारदाराची चिठ्ठी निघाली सुपरवायझर बाईंना. नवऱ्याची निघाली एका किडकिडीत ग्रामसेवकाला, ज्याला स्वतःच्या बकरीवरही ओरडता येत नसे. सासू झाले हवालदार. लोकांची हसून पोटं दुखली. आणि अधिकाऱ्याची चिठ्ठी निघाली एका नव्या शिक्षकाला. त्यानं ती उघडली, वाचली आणि लाजून लाल झाला.

"गुरुजी, तुमीच करा गा," तो म्हणाला. "तुमी बसले असताना आमी कायले तोंड उघडाचं?"

"हो गुरुजी! गुरुजीच!" मागून ओरडा झाला. कोणी शिट्टीही मारली. इतका मोठा नट हॉलात बसला आहे आणि त्यानं काम करू नये, ही कल्पनाच कोणाला सहन होईना. मंडईत तिकीट काढून बघावं लागतं. इथं फुकट आणि चहासकट. चिठ्ठी या हातातून त्या हातात जात जात तिसऱ्या बाकापर्यंत पोचली. वाटेत माझ्याही हातात आली होती. मीही पुढं दिली.

या दोघांचं नातं काय, हे हॉलात एकट्या मॅडमना माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नाटक थांबलं असतं.

गुरुजी पुढं गेले. आधी त्यांनी टेबल बाजूला सरकवलं, कारण मॅडमनी शिकवलं होतं की तक्रारदार आणि आपल्यामध्ये टेबल ठेवू नये. खुर्ची बाईंच्या शेजारी घेतली. नेमकी उजव्या बाजूला. कोण कुठून ऐकतं ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार! स्वतःच्या हातानं ग्लासात पाणी ओतून दिलं. मग घरात कधीच न बोलल्या जाणाऱ्या शुद्ध मराठीत म्हणाले, "ताई, घाबरू नका. इथं तुमचं कोणी वाईट करणार नाही. सांगा, काय झालं?"

बाई ग्लासाकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता उठून जातील. पण त्या बोलायला लागल्या, आणि घरच्या बोलीतच.

"नवरा मारते, साहेब."

"केव्हापासून?"

"लग्नापासून."

"कशानं?"

"हातात येईन त्यानं. तोंडावर नाई मारत. मले कामावर जा लागते न. एक डाव पोरीसमोर मारलं. पोरगी आता रडत नाई. ती पाटीवर चित्र काढत राहते. तिचं भेव वाटते मले."

हॉलात कोणी हसत नव्हतं. किडकिडीत ग्रामसेवक, म्हणजे नाटकातला नवरा, खाली बघून बोटं मोडत होता. त्याला वाटत होतं, सगळे आपल्यालाच बघून राहिले. मॅडम वहीत भराभरा लिहीत होत्या.

"तुम्हाला काय हवंय, ताई?" गुरुजींनी विचारलं. गळा असा दाटला होता की माझ्या शेजारच्या हवालदारानं, सासूचा पदर अजून डोक्यावर असतानाच, डोळे पुसले.

"पोरगी माह्याजवळ राहाले पायजे. दुसरं काई नाई. राहीन का, तेवढं सांगा."

गुरुजी उभे राहिले. त्यांना ती जागा माहीत होती. मंडईत याच जागी टाळी पडते. "ताई, तुमची मुलगी तुमच्याजवळच राहील. तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. हा माझा शब्द आहे."

टाळ्या सुरू झाल्या. बाई मात्र बसल्याच होत्या. टाळ्यांच्या आवाजात त्यांनी हात पुढं केला. "लिहून द्या."

गुरुजींनी त्या हाताकडं पाहिलं. मग हॉलाकडं दोन्ही हात पसरून म्हणाले, "लिहून कशाला, ताई? एवढी माणसं साक्षीला आहेत!"

छप्पर उडेल अशा टाळ्या. पहिल्या रांगेत आमचे संरक्षण अधिकारी साहेबही वाजवत होते.

पहिलं बक्षीस कोणाला, हे विचारायचीही गरज नव्हती. मॅडमनी हॉटपॉट गुरुजींच्या हातात दिला आणि माईकवर म्हणाल्या की एका पुरुषामध्ये एवढी संवेदना आपण क्वचितच पाहिली. गुरुजींनी नमस्कार केला, आणि मग हॉटपॉट बाईंच्या हातात ठेवला. "हे घ्या. तुमच्या कामाची वस्तू." हशा झाला. तेव्हा कुठं मॅडमना कोणीतरी सांगितलं की हे नवरा-बायको आहेत. मॅडमचे डोळे भरून आले. "किती छान!" त्या म्हणाल्या. "म्हणूनच तुम्ही दोघं इतक्या मोकळेपणानं करू शकलात."

गुरुजींनी फटफटी काढली. बाई मागं बसल्या, मांडीवर खोका. हायवेला लागेपर्यंत मी बघत होतो. पडू नये म्हणून त्यांनी खोका दोन्ही हातांनी धरला होता, त्यामुळं गुरुजींना धरायला हात नव्हता.

त्यानंतर गुरुजी मोठे झाले. मॅडमनी शिफारस केली आणि ते जिल्ह्याचे प्रशिक्षक झाले. सडक अर्जुनी, देवरी, आमगाव, जिथं शिबिर तिथं गुरुजी. सोबत चहापाण्याची व्यवस्था बघायला मी. 'पीडित महिलेचं कसं ऐकून घ्यावं' हा त्यांचा तास. टेबल बाजूला, खुर्ची शेजारी, पाणी आपल्या हातानं, आवाज खालच्या पट्टीत. पोलिसांना, नर्सना, ग्रामसेवकांना त्यांनी हे घोटून घोटून शिकवलं. पुढं पुढं चिठ्ठ्या टाकणंही बंद झालं; अधिकाऱ्याचं काम तेच करायचे. चांगलं करायचे, यात वादच नाही. माझा नेहमीचा त्रास एकच होता, त्यांच्या तासाला लोक चहाला उठत नसत आणि चहा गार व्हायचा.

पुढच्या वर्षी, धान कापणीच्या दिवसांत, सुपरवायझर बाई आमच्या ऑफिसात आल्या. हात गळ्यात बांधलेला होता. या वेळी चिठ्ठी निघाली नव्हती, त्या आपल्या पायानं आल्या होत्या.

साहेबांनी सगळं बरोबर केलं. टेबल जड होतं, ते हलेना. म्हणून स्वतः उठून बाईंच्या शेजारी येऊन बसले. मला पाणी आणायला सांगितलं आणि ग्लास माझ्या हातून घेऊन स्वतःच्या हातानं दिला. "ताई, घाबरू नका. इथं तुमचं कोणी वाईट करणार नाही." शब्द न शब्द तोच. फक्त ते डावीकडं बसले होते, त्यामुळं बाईंना ऐकू आलं नाही आणि साहेबांना ते पुन्हा ओरडून सांगावं लागलं.

"तक्रार लिहून घ्या, साहेब," बाई म्हणाल्या. "पोरगी घेऊन मले निघाचं हाये."

साहेबांनी कपाळ पुसलं. "लिहू न. लिहूच. पण आधी समुपदेशन करून पाहू. या विषयातला जाणता माणूस तर आपल्याजवळच आहे..." वाक्य पुरं व्हायच्या आत आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. पण साहेब बोललेलं मागं घेत नसत. शिपाई शाळेकडं गेला.

गुरुजी आले ते शिबिराची पिशवी खांद्याला लावूनच. बायकोच्या हाताकडं बघून म्हणाले, "पायरीवरून पडली." मग खुर्ची ओढली आणि शेजारी बसले. उजवीकडं.

बाई साहेबांकडं वळल्या. "साहेब, तुमी त्या दिवशी हॉलात होते. यायनं साऱ्यायसमोर सांगलं, पोरगी माह्याजवळ राहीन. म्हणले, एवढी माणसं साक्षीला हायेत. तुमी पहिल्या लाइनीत होते."

"ताई, ते नाटक होतं न."

"टाळ्या तुमीबी वाजवल्या."

"नाटकालाच वाजवतात टाळ्या, ताई."

मग त्यांनी दारात पाण्याचा जग घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. "बाबूजी?"

माझ्या तोंडात सुपारी होती. ती गिळू की थुंकू हे ठरेपर्यंत त्यांनी नजर काढून घेतली होती.

गुरुजी शांतपणे म्हणाले, त्याच शुद्ध मराठीत, "माझा शब्द आजही तोच आहे, साहेब. मुलगी आईजवळच राहील. आई घरी राहिली, तर."

साहेबांचा चेहरा उजळला. "बघा ताई! मिटलं की."

"आन् मी घरी नाई राहिली तर?"

"शाळेचं वर्ष आहे मुलीचं," गुरुजी म्हणाले. "तिला कुठं फिरवता? आणि मी तिच्यावर कधी हात उचलला आहे का? विचारा हिला." बाईंनी मान हलवली, नाही. ते खरंच होतं. साहेबांनी कागदावर 'उभयतांत समझोता' असं लिहिलं. बाईंचा उजवा हात बांधलेला होता. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा दिला. पदवी घेतलेल्या बाईचा अंगठा घ्यायला मी शाईचा पॅड पुढं केला. शाई सुकली होती, त्यावर दोन थेंब पाणीही मीच टाकलं.

बाई आणखी दोन महिने त्या घरात राहिल्या. नंतर त्यांनी बदली मागितली आणि ती लगेच मिळाली, कारण मागितली होती दरेकसाकडची, जंगलातली, जिथं कोणी जायला तयार नसतं. पोरगी आली नाही. गुरुजी दारात उभे राहिले आणि पोरीलाच म्हणाले, "जायाचं हाये का तुले?" शुद्ध मराठीत नाही, घरच्या बोलीत. पोरगी घरात गेली आणि पाटी घेऊन बसली. गल्लीतले सगळे आपापल्या दारात होते. या वेळी टाळी कोणी वाजवली नाही, एवढंच.

त्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर ओट्यावर ओळखीचा खोका दिसला. बाई स्टेशनला जाण्याआधी माझ्या बायकोकडं ठेवून गेल्या होत्या. एकदाही वापरला नव्हता. आतल्या प्लास्टिकवरचं दुकानदाराचं लेबलही तसंच होतं.

"काही बोलली का?" मी विचारलं.

"नाई. म्हणाली, बाबूजीचाच हाये."

मी बूट काढले. पंख्याखाली बसलो. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "पुढच्या सोमवारी सालेकसाले शिबिर हाये. दोन दिवस मी नाई."

"कोण शिकवून राहिलं?"

"गुरुजी."

"तिचा तालुका आता तोच न? तिलेबी बोलावलं असन."

"नवीन रुजू होऊन राहिली न. सगळ्यांनाच आदेश आहे."

बायकोनं माझ्यासमोर ताट ठेवलं. वरण वाढलं. भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग खोका उचलून माझ्या ऑफिसच्या पिशवीत कोंबला, आणि तो पुरता मावेना म्हणून गुडघ्यानं दाबला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "पहिला नंबर तर गुरुजीचाच येईन. नवीन आणाले कायले गोंदियाले जाता?"